विश्लेषण : हजार प्रश्न सोडवूनही एमबीए प्रवेश परीक्षेत ‘व्हर्बल’चे गुण का वाढत नाहीत?

गणित जमते, तर्काचे प्रश्नही सुटतात. पण इंग्रजीचा विभाग आला की गुण जागेवरच थांबतात. एमबीएची तयारी करणाऱ्या कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी परिसरातील अनेक अभियांत्रिकी पदवीधरांना ही अडचण ओळखीची आहे. त्यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो : आणखी शब्द पाठ करायचे, आणखी मॉक टेस्ट द्यायच्या. प्रत्यक्षात या विभागात प्रश्नांची संख्या वाढवण्यापेक्षा चुकलेला प्रश्न उलगडून पाहणे जास्त उपयोगी पडते. व्हर्बल विभाग नेमके काय तपासतो, कोणत्या परीक्षेसाठी सराव कसा वेगळा असावा आणि क्लास नसतानाही काय करता येईल, याचा हा आढावा.

कोणत्या परीक्षेत व्हर्बलचे वजन किती?

कोल्हापुरातून एमबीएकडे वळणाऱ्यांसमोर प्रामुख्याने तीन परीक्षा असतात.

• एमबीए सीईटी : राज्य सीईटी कक्षाची परीक्षा. १५० मिनिटांत २०० प्रश्न. तार्किक क्षमतेचे ७५, आकृत्यांवर आधारित तर्काचे २५, गणिताचे ५० आणि व्हर्बलचे ५० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला एक गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

• कॅट : आयआयएममधील प्रवेशासाठी वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या अखेरीस होणारी परीक्षा. १२० मिनिटांत तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटे. २०२४ च्या परीक्षेत एकूण ६८ प्रश्न होते, त्यांतले २४ व्हर्बलचे. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा.

• जीमॅट : परदेशातील व आपल्याकडील काही बिझनेस स्कूलसाठीची परीक्षा. १३५ मिनिटांत ६४ प्रश्न, तीन विभागांना प्रत्येकी ४५ मिनिटे. व्हर्बलचे २३ प्रश्न. एकूण गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात आणि तिन्ही विभागांचे वजन सारखे असते.

वेळेचे गणित केले तर फरक लगेच दिसतो. सीईटीत एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद मिळतात. कॅटच्या व्हर्बलमध्ये १०० सेकंद, तर जीमॅटमध्ये साधारण ११७ सेकंद. कॅट आणि जीमॅटमध्ये उतारा वाचण्याचा वेळही त्यातच येतो. म्हणजे सीईटी वेगाची परीक्षा घेते आणि उरलेल्या दोन्ही परीक्षा बारकाईने वाचण्याची.

एकच विभाग कच्चा राहिला तर काय बिघडते?

कॅटमध्ये बरेच बिघडते. आयआयएम मुलाखतीला बोलावताना एकूण पर्सेंटाइलबरोबरच प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाइलची अट घालतात. गणितात ९८ पर्सेंटाइल असले तरी व्हर्बलची किमान अट हुकली, की त्या संस्थेचे दार त्या वर्षापुरते बंद होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ८० पर्सेंटाइल याचा अर्थ ८० टक्के गुण असा नसून, परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी त्या गुणांवर किंवा त्याखाली आहेत, असा होतो.

सीईटीत एकूण गुणांवरून पर्सेंटाइल ठरते. मुंबईतील जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम असो, किंवा सायबर चौक ज्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो ती १९७६ मध्ये स्थापन झालेली कोल्हापुरातील ‘सायबर’ असो, राज्यातील एमबीए प्रवेशाची मुख्य वाट सीईटीतून जाते. येथे व्हर्बल म्हणजे थेट एक चतुर्थांश पेपर. शिवाय तार्किक क्षमतेचे ७५ प्रश्नही इंग्रजी वाचूनच सोडवायचे असतात. म्हणजे २०० पैकी १२५ प्रश्नांत वाचनाचा वेग आणि नेमकेपणा कामाला येतो. दहा-पंधरा गुणांच्या फरकाने घराजवळचे महाविद्यालय की पुण्या-मुंबईतील नामांकित संस्था, हे ठरू शकते. वर्ष पुन्हा द्यायचे ठरले, तर नोकरी लांबते आणि घरचा खर्च वाढतो, तो वेगळाच.

हा विभाग इंग्रजी तपासतो की आणखी काही?

गेल्या काही वर्षांतील बदल पाहिले तर उत्तर मिळते. जीमॅटमध्ये पूर्वी वाक्यातील व्याकरणदोष दुरुस्त करण्याचे प्रश्न मोठ्या प्रमाणात असत. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात हा प्रकार काढून टाकण्यात आला. आता तेथे दोनच प्रकार उरले आहेत : उताऱ्यावरचे प्रश्न आणि युक्तिवाद तपासण्याचे प्रश्न, म्हणजे क्रिटिकल रीझनिंग.

कॅटनेही शब्दार्थ आणि व्याकरणाचे सुटे प्रश्न मागे टाकले आहेत. अलीकडच्या स्वरूपात २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात. उरलेले आठ प्रश्न परिच्छेदाचा सारांश ओळखणे, विस्कटलेली वाक्ये लावणे, गटात न बसणारे वाक्य शोधणे आणि वाक्याची योग्य जागा ठरवणे, अशा प्रकारांतून येतात. सीईटी मात्र अजूनही मिश्र आहे. तेथे उताऱ्यांबरोबर रिकाम्या जागा, वाक्यातील चूक, समानार्थी शब्द असे शाळेपासून ओळखीचे प्रश्न येतात.

यातून एक सरळ निष्कर्ष निघतो. तीन हजार शब्दांची यादी पाठ करणारा विद्यार्थी सीईटीत थोडे गुण मिळवेल, पण कॅट आणि जीमॅटमध्ये त्या यादीचा उपयोग मर्यादित आहे. तेथे लेखकाचे म्हणणे काय, त्याने ते कशाच्या आधारावर मांडले आणि त्यात कच्चा दुवा कोणता, हे विचारले जाते. हे कौशल्य मराठीतही तितकेच लागते.

मराठीतच एक प्रश्न सोडवून पाहू

इंग्रजी बाजूला ठेवून क्रिटिकल रीझनिंगचा हा नमुना पाहा.

‘एका गूळ व्यापाऱ्याने दिवाळीच्या तोंडावर आपल्या पुड्यांवर नवे, आकर्षक लेबल लावले. पुढच्या दोन महिन्यांत त्याची विक्री दीडपट झाली. म्हणजे नव्या लेबलमुळे विक्री वाढली.’

हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत कशामुळे होतो?

अ) नवे लेबल छापायला जुन्यापेक्षा जास्त खर्च आला.
आ) लेबल न बदललेल्या शेजारच्या दुकानांतही त्याच काळात गुळाची विक्री जवळपास दीडपट झाली.
इ) काही जुन्या ग्राहकांना पहिलेच लेबल जास्त आवडत होते.
ई) त्या व्यापाऱ्याने काकवीच्या बाटल्यांनाही तसेच लेबल लावायचे ठरवले.

उत्तर ‘आ’. युक्तिवादाचा दावा आहे की विक्री लेबलमुळे वाढली. लेबल न बदलताही इतरांची विक्री तेवढीच वाढली असेल, तर कारण सणाचा हंगाम असण्याची शक्यता बळावते. ‘अ’ नफ्याबद्दल बोलतो, विक्रीबद्दल नाही. ‘ई’ व्यापाऱ्याचा विश्वास सांगतो, पुरावा देत नाही. खरा सापळा ‘इ’ आहे. तो विरोधी सुरात असल्याने पटकन बरोबर वाटतो. पण काही ग्राहकांना लेबल आवडले नाही, तरी एकूण विक्री लेबलमुळे वाढलेली असू शकते.

हा प्रश्न चुकला, तर ती चूक इंग्रजीची नाही. दावा आणि पुरावा वेगळे न केल्याची आहे. त्यामुळे अशा प्रश्नात पर्याय वाचण्याआधी एक ओळ मनात तयार करावी : ‘अमुक झाले, म्हणून तमुक खरे आहे.’ त्या ‘म्हणून’च्या जागी दुवा कुठे निसटतो, ते शोधावे.

उताऱ्यात चुकीचे पर्याय कसे तयार होतात?

आता एक छोटा उतारा.

‘कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना ते लागू आहे. नावाचा गैरवापर रोखण्यासाठी त्यामुळे कायद्याचे साधन हाती आले. मात्र साधन हाती येणे आणि कारागिराच्या हाती जास्त पैसे पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाला खरी चप्पल ओळखता आली नाही, तर मानांकन कागदावरच राहते.’

लेखकाचे मुख्य म्हणणे कोणते?

१) भौगोलिक मानांकनाचा कारागिरांना काहीही उपयोग होत नाही.
२) कोल्हापुरी चपलेचे मानांकन दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांना लागू आहे.
३) मानांकन हे उपयुक्त साधन असले, तरी ग्राहकाला खरा माल ओळखता आल्याशिवाय कारागिराला लाभ होईलच असे नाही.
४) यंत्रावर बनलेल्या चपलांमुळे कारागिरांचे उत्पन्न घटले आहे.

उत्तर ३. बाकीचे तीन पर्याय परीक्षेत वारंवार दिसणाऱ्या तीन सापळ्यांचे नमुने आहेत. पहिला पर्याय टोकाचा आहे. लेखक ‘पुरेसे नाही’ म्हणतो, पर्याय ‘काहीही उपयोग नाही’ म्हणतो. दुसरा खरा आहे, उताऱ्यात आहे, पण तो तपशील आहे, मुख्य म्हणणे नव्हे. चौथा बाहेरचा आहे. कोल्हापूरच्या वाचकाला तो ऐकून माहीत असेल, कदाचित पटेलही. पण उताऱ्यात यंत्राचा उल्लेखच नाही.

हा चौथा सापळा हुशार विद्यार्थ्यांना जास्त अडकवतो. विषय ओळखीचा असला की उताऱ्याऐवजी स्वतःच्या माहितीवर उत्तर दिले जाते. उताऱ्यात ज्या ओळीचा आधार दाखवता येत नाही, तो पर्याय सोडून द्यायचा, हा नियम पाळला तरी बऱ्याच चुका टळतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना कुठे अडते?

अडचण असते, पण ती ठरावीक जागी असते. मराठी वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येते. इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच क्रियापद येते आणि पुढे पोटवाक्यांची रांग लागते. मनातल्या मनात भाषांतर करत वाचणाऱ्याला प्रत्येक लांब वाक्य दोनदा वाचावे लागते आणि ४० मिनिटे पुरत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे लांब वाक्यात आधी कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधणे, बाकीचा पसारा नंतर पाहणे.

सीईटीच्या व्याकरणातील चुकाही अनेकदा मराठीच्या सवयीतून येतात. ‘विषयावर चर्चा केली’ असे आपण म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘डिस्कस्ड अबाउट’ बरोबर वाटते. तेथे ‘अबाउट’ नको. ‘माझा एक मित्र’ यातला मित्र एकच, पण ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’मध्ये अनेकवचन लागते. ‘दोन वर्षांपासून’ याचे ‘सिन्स टू इयर्स’ केले जाते. कालावधी सांगताना तेथे ‘फॉर’ हवे. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांना तर मराठीत जोडीदारच नाही. अशा वीस-पंचवीस जागांची यादी स्वतःच्या चुकांमधून तयार केली, तर ती जाडजूड व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर कामाला येते.

अभियांत्रिकीच्या चार वर्षांत सलग गद्य वाचायची वेळ फारशी येत नाही, हाही भाग आहे. सूत्र, आकृती, मुद्दे यांची सवय झालेल्या डोळ्यांना तत्त्वज्ञान, इतिहास किंवा समाजशास्त्रावरचा सलग उतारा जड जातो. ही सवयीची बाब आहे आणि रोज अर्धा तास वाचून ती बदलता येते.

सराव करूनही प्रगती का थांबते?

नेहमीची पद्धत अशी असते : टायमर लावायचा, प्रश्न सोडवायचे, उत्तरपत्रिका पाहायची, ‘अरे, हे तर येत होते’ म्हणायचे आणि पुढच्या टेस्टकडे वळायचे. यात चूक समजण्याआधीच उत्तर समजते. उत्तर डोळ्यांसमोर आले की ते स्वाभाविकच बरोबर वाटते आणि आपण चुकीच्या पर्यायाकडे का गेलो, हे शोधायचे राहून जाते.

त्याऐवजी तीन टप्प्यांची पद्धत वापरता येते.

पहिला टप्पा : वेळ लावून प्रश्न सोडवा. ज्या उत्तरांबद्दल खात्री नाही, त्यांच्यापुढे खूण करा.

दुसरा टप्पा : उत्तरे न पाहता खूण केलेले प्रश्न टायमर बंद करून पुन्हा सोडवा. प्रत्येक पर्याय का नाकारला, ते एका ओळीत लिहा.

तिसरा टप्पा : आता उत्तरे तपासा. वेळ लावून चुकलेले, पण निवांत बरोबर आलेले प्रश्न वेगाची अडचण दाखवतात. दोन्ही वेळा चुकलेले प्रश्न समजण्याची अडचण दाखवतात. खूण न करता, पूर्ण खात्रीने चुकलेले प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. कारण तेथे नेमका कोणता सापळा आपल्याला दिसतच नाही, हे कळते.

या चुका एका वहीत नोंदवाव्यात. चार रकाने पुरेत : प्रश्नाचा प्रकार, निवडलेला पर्याय, तो का आवडला आणि उताऱ्यातील कोणती ओळ त्याला खोटे ठरवते. पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा सोडवावेत. उत्तर आठवत असेल तरी चालेल, कारण आठवायला हवे. शंभर प्रश्न अशा रीतीने केल्यावर वहीत एक-दोन प्रकारच्या चुका पुन्हापुन्हा दिसू लागतात. पुढचा सराव त्या दोन प्रकारांवर करायचा.

किती प्रश्न सोडवायचे, किती सोडायचे?

येथे परीक्षेनुसार धोरण बदलते. कॅटमधील दोन विद्यार्थ्यांचे उदाहरण घेऊ आणि सोयीसाठी सर्व प्रश्न पर्यायी धरू. पहिल्याने २४ प्रश्न सोडवले, १२ बरोबर, १२ चूक. गुण ३६ वजा १२, म्हणजे २४. दुसऱ्याने १६ च प्रश्न सोडवले, १२ बरोबर, चार चूक. गुण ३६ वजा ४, म्हणजे ३२. बरोबर उत्तरे सारखीच, तरी आठ गुणांचा फरक.

अंदाज मारण्याचेही गणित आहे. चारही पर्याय सारखेच वाटत असतील, तर अंदाजाचा सरासरी लाभ शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर लाभ किंचित वाढतो. दोन बाद झाले, तर सरासरी एक गुण मिळतो. म्हणून ‘दोन पर्यायांत अडकलो’ अशा वेळी उत्तर द्यावे. काहीच कळले नसेल तर पुढे जावे. ज्या प्रश्नांत उत्तर टाइप करायचे असते, तेथे गुणकपात नाही. विस्कटलेली वाक्ये लावण्याचे असे प्रश्न रिकामे सोडण्यात अर्थ नाही. त्यांत ‘तो’, ‘हे’, ‘मात्र’, ‘म्हणून’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आधीचे वाक्य कोणते, याचा माग काढता येतो.

सीईटीत गुणकपात नसल्याने एकही प्रश्न कोरा ठेवू नये. शेवटची तीन-चार मिनिटे राहिलेले प्रश्न भरण्यासाठी राखून ठेवावीत. जीमॅटमध्ये उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते आणि विभाग अपूर्ण राहिल्यास गुणांवर परिणाम होतो. तेथे विभागाच्या शेवटी वेळ उरल्यास जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात.

साहित्य कोणते वापरावे?

पहिली पसंती अधिकृत साहित्याला द्यावी. जीमॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत सराव परीक्षा मिळतात. कॅटच्या संकेतस्थळावर परीक्षेआधी नमुना चाचणी दिली जाते आणि मागील वर्षांचे पेपर अभ्यासासाठी उपलब्ध आहेत. सीईटी कक्षही सराव चाचणी देतो. व्हर्बलमध्ये याला विशेष महत्त्व आहे. गणिताचे उत्तर कोणीही पडताळू शकतो. पण उताऱ्यावरचा घाईत तयार केलेला प्रश्न दोन बरोबर उत्तरांचा असू शकतो. अशा प्रश्नांवर सराव केला तर चुकीची सवय लागते. एआय चॅटबॉटचेही तसेच. कठीण वाक्य सोपे करून घ्यायला तो उपयोगी आहे. पण बरोबर उत्तर कोणते, यावर त्याचा शब्द अखेरचा मानू नये. तो चुकीचे स्पष्टीकरणही तितक्याच ठामपणे देतो.

वाचनासाठी कोल्हापुरात सोय कमी नाही. १८५० मध्ये सुरू झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे, शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. रोज एका इंग्रजी दैनिकातील एक संपादकीय वाचून त्याचा चार ओळींत सारांश लिहावा : विषय काय, लेखकाचे म्हणणे काय, आधार कोणता, कशाला विरोध. सुरुवातीला हाच प्रयोग मराठी अग्रलेखावर केला तरी चालतो.

आठवड्याचे साधे वेळापत्रक

• सोमवार ते गुरुवार : रोज अर्धा तास वाचन आणि सारांश, त्यानंतर दोन उतारे तीन टप्प्यांच्या पद्धतीने.
• शुक्रवार : युक्तिवादाचे किंवा विस्कटलेल्या वाक्यांचे दहा प्रश्न. सीईटी देणाऱ्यांनी व्याकरण आणि रिकाम्या जागांचे ३० प्रश्न.
• शनिवार : परीक्षेच्या वेळेत व्हर्बलची एक पूर्ण चाचणी.
• रविवार : नवा प्रश्न एकही नाही. फक्त चुकांची वही.

रविवार टाळण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण त्या दिवशी ‘किती प्रश्न झाले’ हा आकडा वाढत नाही. पण गुण वाढण्याची शक्यता त्याच दिवसाच्या कामात जास्त असते.

परीक्षांचे स्वरूप, तारखा आणि शुल्क यांत दरवर्षी बदल होऊ शकतो. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी संबंधित परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावरील त्या वर्षीची माहितीपुस्तिका जरूर वाचावी. तीही इंग्रजीतच असते. सरावाची सुरुवात तिथूनच करता येईल.